लालबागची खोली 'घेताना' नक्की काय घेता?

आजचा मुद्दा छोटा, पण लाखोंचा. गिरगाव, परळ, लालबागला "खोली विकणे आहे" ऐकलं की आधी विचारा: ओनरशिप की पागडी?

पागडीत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५६ नुसार तो हक्क तुमच्या नावावर करायला संमती देताना मालक पैसे घेऊ शकतो. बरेचदा रकमेचा तिसरा हिस्सा त्याच्याकडे जातो. होम लोनही अवघड, कारण तारण ठेवायला मालकीच नाही.

मग लोक घेतात का? रिडेव्हलपमेंटसाठी! सेस भरणाऱ्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास झाला, तर पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं मालकीचं घर मिळतं. पण हा 'तर' वीस वर्षंही लांबू शकतो.

म्हणून टोकन द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? मालकाची लेखी संमती आहे का? इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस आलीय का?

आणि टॉवरचं चित्र बघून भुलू नका. आज आहे त्या खोलीत दहा वर्षं काढता येतील का, त्यावर ठरवा. भेटू पुढच्या भागात!