भिंत, ऊन आणि हक्काची सावली
(नागपूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



भिंतीवरचं चित्र पुरं झालं की सगळे चित्राबद्दल बोलतात. मला आज ज्या उन्हात ते काढलं त्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्या वस्तीतल्या भिंतीवर आम्ही २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेली दलित महिला परिषद रंगवली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, हे तिथले ठराव आपण सांगतो. आणखी एक ठराव मात्र विसरतो. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, महिनाभर हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये पेन्शन द्या, अशी त्यात मागणी होती.

हे रंगवायचं मे महिन्यात, कारण मुलींना सुट्टी तेव्हाच. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आमची भिंत पश्चिमेकडची. सकाळी तिच्यावर सावली, दुपारनंतर ऊन. सूर्य बुडाल्यावरही तिला हात लावता येत नसे. तापल्या भिंतीवर रंग ब्रश टेकताच सुकतो, जोड दिसतात, पुढं पापुद्रे निघतात. म्हणून सकाळी साडेपाच ते दहा एवढंच काम ठरलं.

पण ती वेळ बाईची स्वतःची कुठं असते? पाणी, चहा, डबे. पहिले तीन दिवस मुली आल्या, त्यांच्या आया आल्या नाहीत. मग घरोघरी बोलणी झाली. काही नवऱ्यांनी पाणी भरलं, काहींनी नाही.

भिंत खरवडायला ठिय्यावरून दोन मजूर बाया आल्या. माठ भरलेला, पण त्या पाणी पीत नव्हत्या. विचारलं तर एकीनं सांगितलं, "ताई, पाणी प्यालं की जायचं कुठं?" उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, असं प्रत्येक सरकारी पत्रक सांगतं. संडास नसेल तर हा सल्ला बाईच्या काय कामाचा? तहान मारून ती उन्हात राबते, चक्कर येते, लघवीची जळजळ सोसते, आणि खाडा पडला की मजुरी जाते.

आम्ही समोरच्या घरचा संडास मागून घेतला. दहाला काम थांबवून दिवसाची पूर्ण मजुरी दिली, पुरुष मजुराइतकीच. त्यासाठी वर्गणीतून रंगाचे डबे कमी घेतले. चित्रातलं आभाळ थोडं फिकं आहे. असू दे.

१९४२ च्या बायांनी कामाच्या जागी माणूस म्हणून वागणूक मागितली होती. आज उन्हात राबणाऱ्या बाईसाठी आपण सावली, पाणी, संडास आणि मजुरी न कापता दुपारची सुट्टी मागायला हवी. प्रत्येक गटानं आपापल्या भागातल्या ठिय्यावर जावं, बायांशी बोलावं आणि यातलं काय आहे, काय नाही, ते लिहून आणावं. पुढच्या बैठकीत त्यावरूनच निवेदन तयार करू.