बॉनेटखालचे वीस किलो

देवनहळ्ळीत राहणाऱ्यांना गाडी डांबरावरून खाली उतरवायला फार लांब जावं लागत नाही. विमानतळाचा रुंद रस्ता सोडून नंदीच्या डोंगराच्या बाजूला आडवाटेला लागलं की लाल मातीची चाकोरी, मधूनच डोकं वर काढणारा ग्रॅनाइटचा कातळ, उन्हाळ्यात आटलेलं तळं, सगळं हाताशी आहे. हौशी जीपवाल्यांच्या गाड्या पाहा: जाडजूड टायर, पुढे विंच, टपावर दिव्यांची रांग. मग बॉनेट उघडायला सांगा. आत बॅटरी पुष्कळदा जुन्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेली सापडते. आजचं माझं बोलणं त्या पट्टीविरुद्ध आहे.

बॅटरी घेताना आपण अँपिअर-अवर विचारतो, वॉरंटी विचारतो. वजन कोणी विचारत नाही. डिझेल जीपची बॅटरी सहज अठरा-वीस किलो भरते, कारण आत शिशाच्या प्लेटी आणि सल्फ्युरिक ॲसिड. गुळगुळीत रस्त्यावर हे धूड स्वतःच्या भारानंच ट्रेमध्ये बसून राहतं, म्हणून क्लॅम्प ढिला असला तरी वर्षानुवर्षं कळत नाही. कातळाच्या पायरीवरून चाक सुटलं की मात्र गाडीचं तोंड खाली जातं आणि बॅटरी क्षणभर अधांतरी होते. चाक टेकलं की ती ट्रेवर आदळते. त्या दणक्याचं त्वरण गुरुत्वाच्या चौपट धरलं, तर वीस किलोच्या बॅटरीला रोखायला ऐंशी किलो वजनाइतका जोर लागतो. क्लॅम्पखाली दोन मिलिमीटरची फट असेल, तर दर खड्ड्याला हातोड्याचा एक घाव. आत प्लेटींवरचा लेप गळून तळाशी गाळ साचतो, सेलमधले जोड तुटतात आणि बॅटरी अकाली जाते. शिव्या मात्र दुकानदाराला!

हे झालं बॅटरीचं मरण. गाडीचं मरण दुसऱ्या बाजूनं येतं. उडालेली बॅटरी कलते आणि तिचं प्लस टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला टेकतं. बारा व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पत्र्यातून शॉर्ट झाला की शेकडो अँपिअर वाहतात, वायर लाल होते, तिच्यावरचं प्लास्टिक पेटतं. ट्यूबची पट्टी ताणते, हा तिचा स्वभावच आहे. शिवाय इंजिनाच्या उष्णतेनं ती कडक होऊन चिरते. सामान बांधायच्या हुकवाल्या लवचीक दोरीचंही तेच. जिथे अजिबात ताणायचं नाही, तिथे आपण नेमकं ताणणारं काहीतरी लावतो.

आता एक बारकावा, जो दुकानात कोणी सांगत नाही. बॅटऱ्या धरण्याच्या दोन पद्धती आहेत. जपानी घडणीच्या गाड्यांत बॅटरीच्या माथ्यावरून पट्टी किंवा चौकट येते आणि दोन लांब हुक-बोल्ट तिला खाली ओढतात. युरोपीय घडणीच्या बॅटरीला बुडाशी कड असते. त्या कडेवर एक छोटा ठोकळा बोल्टनं आवळतात. जुनी बॅटरी गेली की दुकानदार तेवढ्याच क्षमतेची दुसरी देतो, ती कधी दुसऱ्या घडणीची निघते. कड जुळत नाही किंवा उंची सेंटिमीटरभर कमी भरते, मूळ क्लॅम्प निकामी होतो आणि तिथे ट्यूब अवतरते. म्हणून बॅटरी घ्यायला जाताना जुना क्लॅम्प बरोबर न्या आणि दुकानातच बसवून पाहा.

ट्रे गंजलेला असेल तर क्लॅम्पला अर्थ नाही. बॅटरी काढून खाली हात फिरवा. आपल्याकडची बारीक खडी तिथे हमखास सापडते, आणि तो एक खडा हादऱ्या-हादऱ्यानं प्लास्टिकचं बूड झिजवत भोक पाडू शकतो. खाली पातळ, घट्ट रबर चालेल. जाड स्पंज नको. तो दबला की वरचा क्लॅम्प पुन्हा ढिला. नट नायलॉनच्या कड्याचे घ्या, ते हादऱ्यानं सुटत नाहीत. आवळताना पैलवानकी नको, बॅटरीचं खोकं तडकतं. दोन्ही हातांनी गदागदा हलवल्यावर बॅटरी एकटी न हलता सगळी गाडी हलली पाहिजे, एवढं पुरे. प्लसवर रबरी टोपी हवीच.

मोटर-स्पर्धांच्या जागतिक महासंघाचे नियम इथे वाचण्यासारखे आहेत. रॅलीच्या गाडीत बॅटरी मूळ जागेवरून हलवायची, तर धातूची बैठक, इन्सुलेशन चढवलेले दोन धातूचे क्लॅम्प, किमान दहा मिलिमीटर जाडीचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या उलट बाजूला किमान तीन मिलिमीटर जाड, वीस चौरस सेंटिमीटरची पट्टी. ही पट्टी कशाला? ती नसेल तर बोल्ट शाबूत राहतो आणि पत्रा फाटून बॅटरी बोल्टासकट बाहेर येते. गावातल्या वेल्डरकडून मागे दुसरी बॅटरी बसवून घेणाऱ्यांनी एवढं तरी त्याला सांगावं.

काम करताना आधी मायनस काढायचा, जोडताना मायनस शेवटी. उलट केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला लागला, की ठिणगी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून त्या कामात डोळ्यांना चष्मा लावलेला आणि बोटातली अंगठी काढलेली बरी.

‘आमची एजीएम बॅटरी आहे, ती सांडत नाही,’ असं काही जण सांगतात. खरं आहे; तिच्यातलं ॲसिड काचतंतूंच्या गादीत मुरलेलं असतं. गाडी उलटली तर साध्या बॅटरीतून ॲसिड ठिबकेल, तिच्यातून सहसा नाही. पण वजन तिलाही आहे, क्लॅम्प तिलाही लागतो. ॲसिड डोळ्यांत गेलंच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. पत्र्यावर सांडलेल्यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता. फेस यायचा थांबला की भरपूर पाणी मारा, आणि मगच नवा क्लॅम्प बसवायला घ्या.