ग्रुप सांभाळताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



मी काही वक्ता नाही. बँकेत कारकून आहे. शिक्षण म्हणाल तर मराठी विषय घेऊन बी. ए. संगणकाची पदवी माझ्याजवळ नाही. एम. एस. सी. आय. टी. चा कोर्स आणि काउंटरवर रोज संगणकापुढे बसण्याची सवय, एवढेच माझे भांडवल. तरीही कार्यकारिणीने मला ‘संगणक आणि समाज’ असा मोठा विषय दिला. तो मला पेलणारा नाही. म्हणून मी अध्यक्षांची परवानगी घेऊन विषय लहान केला आहे. आपल्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. त्यात काय अडचणी आल्या, माझ्या हातून काय चूक झाली आणि त्यातून आपण सर्वांनी काय घ्यावे, एवढेच सांगणार आहे.

ग्रुप २०१६ साली निघाला. त्या सभेत कोणी तरी म्हणाले, “हा बँकेत आहे, याला संगणक कळतो.” सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि मी ॲडमिन झालो. त्या वेळी एका ग्रुपमध्ये २५६ माणसेच घेता येत होती. पुढे २०२२ साली ही मर्यादा १०२४ झाली आणि आपले बाहेरगावी गेलेले सभासदही त्यात आले. पुण्यात शिकणारी मुले, मुंबईला नोकरीला असलेले बंधू, सासरी गेलेल्या भगिनी, सगळ्यांचे मंडळाशी नाते या ग्रुपमुळे टिकून आहे. सभेची सूचना, शिष्यवृत्तीची जाहिरात, रक्त हवे असल्याचा निरोप, कोणाच्या निधनाची वार्ता, सारे आता तेथेच येते. पूर्वी यासाठी एक माणूस सायकलवरून घरोघर फिरत असे.

ॲडमिनचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. सुप्रभातची चित्रे येऊ लागतात. फुले, सूर्योदय, सुविचार. भावना चांगली असते, पण माझ्या मोबाइलची जागा संपते आणि रात्री जेवणानंतर मी ती चित्रे पुसत बसतो. मग दिवसभर फोन. “दादा, माझा नंबर बदलला, मला परत घ्या.” “भाऊ, ही पीडीएफ उघडत नाही.” “मामा, मराठीत टाइप कसे करायचे?” आमच्या सौभाग्यवती म्हणतात, “पगार बँकेचा आणि नोकरी ग्रुपची.” यात तक्रार नाही. कोणी विचारतो म्हणजे त्याला आपल्याविषयी भरवसा वाटतो.

विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडेल अशी एक अडचण सांगतो. आपल्या मंडळाच्या १९९० नंतरच्या स्मरणिका संगणकावर जुळवलेल्या आहेत. त्यांच्या फ्लॉपी एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी जपून ठेवल्या होत्या. जुने लेख ग्रुपवर टाकावेत असे मला वाटले. फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधण्यातच दोन महिने गेले. काही फ्लॉपी बुरशीने खराब झाल्या होत्या. ज्या उघडल्या त्यांत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसला. मला वाटले, सारे गेले.

कारण समजून घेतले ते असे. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. त्या काळच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली होती. तो फाँट संगणकात असला तर मराठी दिसे, नसला तर इंग्रजी गोंधळ. शिवाय प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. युनिकोडने ही अडचण दूर केली. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरीही होती. युनिकोडमध्ये ‘अ’चा क्रमांक ०९०५ आहे आणि तो जगातल्या सर्व संगणकांवर तोच राहतो. म्हणूनच आज आपला मराठी निरोप दुबईतल्या मोबाइलवरही मराठीतच दिसतो.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात, पण ती चुका करतात. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होत असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. रफाराचेही तसेच. आपल्या वसतिगृहातल्या दोन विद्यार्थिनींनी चार रविवार बसून छापील प्रतीशी एकेक ओळ ताडून पाहिली, तेव्हा तीन स्मरणिका वाचल्या. बाकीच्या वाचल्या नाहीत. त्या फ्लॉपी एकाच माणसाच्या कपाटात होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. हे मी तेव्हा ऐकले, पण त्यातून शिकलो नाही.

दुसरा प्रसंग पैशांचा आहे. आपल्या एका ताईंना ओळखीच्या नंबरवरून निरोप आला, “माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे आला आहे, जरा सांगा.” ताईंनी भोळेपणाने सांगितला. नवीन मोबाइलवर खाते सुरू करताना असा कोड नंबरच्या मालकाला येतो. तो दुसऱ्याला सांगितला की खाते त्याच्या ताब्यात जाते. ज्या नंबरवरून निरोप आला तोही असाच आधी ताब्यात गेलेला होता. थोड्याच वेळात ताईंच्या नावाने ग्रुपवर निरोप आले, “मुलगा दवाखान्यात आहे, पाच हजार पाठवा.” दोघांनी पाठवले. तिसऱ्याने ताईंना फोन केला, म्हणून उलगडा झाला.

मी त्या वेळी काउंटरवर होतो. मोबाइल ड्रॉवरमध्ये होता. ॲडमिन एकटा मीच. ताईंचा नंबर ग्रुपमधून तात्पुरता काढायला मला जेवणाची सुट्टी होईपर्यंत दोन तास लागले. त्या दोन तासांत दुसऱ्या सभासदाचे पैसे गेले. असे झाले तर काय करावे ते लक्षात ठेवा. पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि आपल्या बँकेला कळवा. खाते परत मिळवण्यासाठी आपल्या मोबाइलवर पुन्हा नोंदणी करून नवा कोड टाकावा, म्हणजे चोर बाहेर पडतो. मात्र चोराने आधीच सहा आकडी पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावे लागते. म्हणून तो पिन आपणच आज घरी जाऊन लावावा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. लावता आला नाही तर माझ्याकडे या.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला जड जाते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठार मारले. ते भटक्या जमातीतले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्यांचे कोणी ऐकून घेतले नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली आणि २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू केली. राईनपाड्याची बातमी वाचल्यापासून मला ग्रुपची भीती वाटू लागली. आपल्या ग्रुपवरून असे काही गेले तर जबाबदार कोण?

कायद्याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी दिले. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातले होते. न्यायालयाने म्हटले की, सभासद काय टाकतो ते आधी तपासण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार ॲडमिनला नसतो. त्याच्या हाती माणसे घेणे आणि काढणे एवढाच मर्यादित अधिकार आहे. दोघांचा मिळून ठरलेला हेतू सिद्ध झाल्याशिवाय सभासदाच्या मजकुरासाठी ॲडमिनला दोषी धरता येणार नाही. पुढे २०२२ साली केरळ उच्च न्यायालयानेही असेच मत दिले. मला हायसे वाटले. पण न्यायालयाने जो एक अधिकार माझ्या हाती आहे म्हणून सांगितले, तोच मी चुकीचा वापरला.

ही २०२३ सालची गोष्ट. आपले एक ज्येष्ठ सभासद, आपण सगळे त्यांना काका म्हणतो, त्यांनी रात्री ग्रुपवर मुले पळवणाऱ्या टोळीचा एक निरोप टाकला. सोबत फोटो. यापूर्वीही दोनदा त्यांच्याकडून असे आले होते. माझ्या डोळ्यांपुढे राईनपाडा आला. रात्रीचे अकरा वाजले होते. मी त्यांना फोन केला नाही, कोणाला विचारले नाही. बोटाने नाव दाबले आणि त्यांना ग्रुपमधून काढून टाकले. खरे सांगतो, त्या रात्री मला आपण मोठे काम केल्यासारखे वाटले.

दहा-बारा दिवसांनी काकांच्या जुन्या सोबत्याचे निधन झाले. दोघांनी एकाच खात्यात तीस वर्षे नोकरी केली, मंडळाच्या पहिल्या देणगीची पावतीपुस्तके दोघांनी मिळून फिरवली. अंत्ययात्रेची वेळ मी ग्रुपवर टाकली. सर्व जमले. काका नव्हते. त्यांना तिसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडून कळले.

मी त्यांच्या घरी गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बाळ, चूक माझी होती. नातवाच्या मोबाइलवरून आले ते मी खरे समजून पुढे पाठवले. तू फोन केला असतास तर पुसून टाकले असते. मला वाटले, मंडळानेच मला काढले.” मला मान वर करता आली नाही. सभासदाने टाकलेला निरोप सर्वांच्या मोबाइलवरून पुसण्याची सोय ॲडमिनला २०२२ पासून मिळालेली होती. निरोप पुसता आला असता. मी माणूस पुसला. राईनपाड्यात त्या पाच जणांचे कोणी ऐकून घेतले नाही म्हणून मी हळहळत होतो, आणि काकांचे मीही ऐकून घेतले नाही.

बंधू-भगिनींनो, आमच्या बँकेत तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. दोघेही प्रामाणिक असतात, तरी पद्धत तीच. काउंटरवर मी नोंद केली तरी मोठ्या रकमेची नोंद दुसऱ्याने तपासून पास केल्याशिवाय पुढे जात नाही. वीस वर्षे मी हे रोज करतो. मात्र मंडळाच्या ग्रुपची किल्ली मी एकट्याने खिशात ठेवली आणि ते मला कधी खटकले नाही. फ्लॉपी एकाच्या कपाटात होत्या, ग्रुप एकाच्या ड्रॉवरमध्ये होता आणि काकांना काढण्याचा निर्णय एकाच्या बोटात होता. तिन्ही वेळा नुकसान मंडळाचे झाले.

मी कार्यकारिणीपुढे जाऊन हे सांगितले आणि काकांना त्यांच्यासमोर परत घेतले. त्यानंतर आपण जे नियम केले ते आज पुन्हा सांगतो. ॲडमिन तीन, त्यांत एक भगिनी आणि एक विद्यार्थी. कोणालाही काढण्यापूर्वी फोन करून त्याचे म्हणणे ऐकायचे आणि दोन ॲडमिनचे एकमत झाल्याशिवाय काढायचे नाही. निधनाची वार्ता आणि सभेची सूचना ग्रुपवर टाकून भागत नाही, ती फलकावर लावायची आणि ज्यांच्याजवळ असा मोबाइल नाही त्यांना घरी कळवायची. सभासदयादी, इतिवृत्ते आणि फोटो यांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या आणि वर्षातून एकदा उघडून पाहायच्या. पासवर्ड बंद पाकिटात कोषाध्यक्षांकडे.

सभासदांनी एकच करावे. आलेल्या निरोपावर दोन बाण दिसले तर तो अनेक हातांतून फिरत आला आहे असे समजावे. कोणी सांगितले, कोठे घडले, केव्हा घडले, हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नये. खोटे न बोलण्याचे शील आपण घेतो. ते तोंडाइतकेच अंगठ्यालाही लागू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी आमच्यापेक्षा मोठ्या गोष्टी सांभाळाल. संगणक तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला येतो. तेव्हा किल्ली हाती आली की पहिल्याच दिवशी दुसरी किल्ली कोणाला द्यायची ते ठरवा.

काका आज पहिल्या रांगेत बसले आहेत. हे भाषण मी आधी त्यांना वाचून दाखवले आणि त्यांची परवानगी घेतली. ते एवढेच म्हणाले, “सुप्रभातच्या चित्रांचेही सांग रे.” ते सांगून झाले आहे.