गाण्यांची सामाईक वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली एक संसारी बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी मला न विचारताच माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत घातले, तेव्हापासून विषय कोणता घ्यावा हाच घोर लागला. स्वयंपाकावर बोलावे, तर माझ्यापेक्षा सुगरणी समोर बसलेल्या. मुलांच्या संगोपनावर बोलावे, तर माझी मुले इथेच मागे बसून हसतील. शेवटी ठरवले, की गेले वर्षभर जी गोष्ट मनाला टोचते आहे तीच सांगावी. विषय तसा लहान आहे. मोबाईलवर आपण मैत्रिणी गाण्यांच्या याद्या करतो आणि एकमेकींना देतो, त्याविषयी चार शब्द.

ज्यांना यातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे आधी सांगते. मोबाईलवर गाणी ऐकण्याच्या काही सोयी आहेत. त्यांतली स्पॉटिफाय ही स्वीडन देशातल्या कंपनीची. ती 2008 साली तिकडे सुरू झाली आणि 2019 च्या फेब्रुवारीत आपल्या देशात आली. तिच्यात 10 कोटींहून अधिक गाणी आहेत म्हणतात. पैसे भरले नाहीत तरी ऐकता येतात, फक्त मधून मधून जाहिराती सोसाव्या लागतात. त्यातली आपल्या आवडीची गाणी निवडून एका नावाखाली ठेवली, की तिला प्लेलिस्ट म्हणतात. म्हणजे गाण्यांची वहीच. ही वही दुसरीला पाठवता येते. शिवाय एकच वही दहाजणींत सामाईकही ठेवता येते. जिला बोलावले ती आपली गाणी त्यात घालते, आणि कोणते गाणे कोणी घातले तेही दिसते.

माझ्या मुलीने हे मला पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी म्हणाले, "अगं, ह्यात नवीन ते काय? हे तर आम्ही लहानपणापासून करत आलो."

तुम्हीच आठवून बघा. आपल्याकडे हादगा असायचा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत सोळाव्या दिवशी सोळा. रोज एक गाणे वाढणारी ती यादीच नव्हती का? जिच्या घरी हादगा, तिथे गल्लीतल्या सगळ्या मुली जायच्या. एखादी नवी मुलगी आजोळाहून वेगळे गाणे घेऊन आली, की खिरापत खाता खाता आम्ही तिच्याकडून ते घोकून घ्यायचो. गाणी अशी एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायची.

माझे माहेर वारणाकाठचे. आमच्या घरी रेडिओ होता आणि त्यावर सांगली केंद्र लागायचे. 'आपली आवड' ह्या कार्यक्रमात पत्र पाठवणाऱ्यांची नावे वाचून दाखवत आणि मग त्यांच्या आवडीचे गाणे लावत. आम्ही गाण्याइतकेच त्या नावांकडे कान लावायचो. कुठल्या गावच्या कुणा अनोळखी बाईला हे गाणे आवडते म्हटल्यावर ती आपल्या ओळखीची वाटू लागायची. पुढे कॅसेटी आल्या. कागदावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची आणि साठ मिनिटांची कॅसेट भरून घ्यायची. माझ्या लग्नात एका मैत्रिणीने मला अशीच एक कॅसेट भरून दिली. आतल्या कागदावर तिच्या बारीक अक्षरात गाण्यांची नावे होती. ती पट्टी किती वेळा गुंतली आणि किती वेळा मी पेन्सिल घालून गुंडाळली, त्याला गणती नाही. सासरी पहिल्या वर्षी तिनेच मला सोबत केली.

म्हणून मला वाटते, गाणे देणे हे काही साधे देणे नाही. साडी देताना आपण दुसरीचा रंग बघतो, तसे गाणे देताना तिचे मन बघावे लागते. आता प्रत्यक्ष जे घडले ते सांगते. त्यात चूक माझी आहे, आणि ती आज तुमच्यासमोर कबूल करायची म्हणूनच मी हा विषय घेतला.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण ठरवले, की मंडळाची एक सामाईक प्लेलिस्ट करायची. प्रत्येकीने तीन गाणी घालायची आणि कार्यक्रमात ती स्पीकरवर लावायची. माझ्या मुलीने यादी करून दिली. तरुण मुलींनी नाचाची गाणी घातली, कुणी लावण्या घातल्या, कुणी भावगीते. आपल्या आक्कांनीही नातवाला जवळ बसवून आपली तीन गाणी घालून घेतली. तिन्ही जुनी, संथ, भक्तीची.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री भांडी घासता घासता मी ती यादी ऐकत होते. नाचाची गाणी चालली असताना मधेच आक्कांचे गाणे लागले आणि मला वाटले, ह्याने रंग जाईल. बायका फुगड्या घालायच्या आणि हे गाणे लागले तर सगळ्या खाली बसतील. मी हात पुसले आणि माझ्या मोबाईलवरून आक्कांची तिन्ही गाणी काढून टाकली. दोन मिनिटांचे काम. सामाईक यादीत जसे घालता येते तसे काढताही येते. घातलेल्या गाण्यापुढे नाव दिसते, पण काढलेल्याच्या जागी काहीच उरत नाही. मी कुणाला विचारले नाही आणि नंतरही सांगितले नाही. मनाला म्हटले, कार्यक्रमाच्या भल्यासाठीच केले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम छान झाला. आक्का स्पीकरच्या शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारले, "काय गं, माझं गाणं झालं का?"

मी म्हणाले, "येईल की, आक्का."

हे दोन शब्द मी का बोलले, कुणास ठाऊक. खरे सांगायला लाज वाटली आणि खोटे सोपे वाटले. कार्यक्रम संपला, वाण लुटून झाले, खुर्च्या गोळा करायला आम्ही लागलो तरी आक्का तिथेच बसून होत्या. मग नातू आला आणि त्यांना घेऊन गेला.

त्यानंतर दोन गुरुवार आक्का भजनाला आल्या नाहीत. सगळ्या म्हणाल्या, गुडघे दुखत असतील. मीही मान डोलावली, पण मनातून मला कारण ठाऊक होते. तिसऱ्या आठवड्यात धीर करून त्यांच्या घरी गेले. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही शेंगा घेऊन फोडू लागले. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, "नातवानं बघितलं. माझी गाणी त्यात नव्हतीच. नसली तर नसू देत, त्याचं काही नाही. पण तू येईल म्हणालीस, म्हणून मी शेवटापर्यंत बसले."

मला वर बघवेना. मी म्हणाले, "आक्का, ती मीच काढली."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांनी मला त्या गाण्यांतल्या एकाची हकिगत सांगितली. त्या नव्या नवरी होऊन वडगावात आल्या तेव्हा त्यांची नणंद लग्नाची होती. दोघींचे वय सारखे. सकाळी दोघी पाट्यावर वाटण वाटायच्या आणि शेजारच्या घरी रेडिओ लागायचा. त्यावर हे गाणे लागले की वरवंटा हळू फिरवायच्या, आवाजात शब्द बुडू नयेत म्हणून. पुढे नणंदेचे लग्न झाले आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली.

मी म्हणाले, "आक्का, नातवाला सांगितलं तर तो घरी रोज लावून देईल की."

आक्का म्हणाल्या, "देतो की. पण एकटीनं ऐकून काय करू? चार बायकांत ऐकायचं होतं. ती असती तर आज मंडळात आली असती, माझ्या शेजारी बसली असती."

मैत्रिणींनो, मी घरी जाऊन ती तिन्ही गाणी परत यादीत घातली. तेही दोन मिनिटांचेच काम होते. पण ते हळदीकुंकू काही परत आले नाही. एकटीने ऐकायला मोबाईल आहे, आणि त्यात जगातली गाणी आहेत. मंडळ लागते ते दुसरीचे गाणे तिच्याबरोबर बसून ऐकायला. सामाईक यादीचा अर्थ इतकाच आहे, आणि तेवढाच माझ्या ध्यानात आला नव्हता.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. उठता उठता मी विचारले, "आक्का, अजून कोणती गाणी घालू तुमची?" त्या हसल्या आणि त्यांच्या आईच्या जात्यावरच्या चार ओव्या म्हणाल्या. म्हणाल्या, "ही सापडते का बघ तुझ्या मोबाईलात." मी शोधली. मुलीनेही शोधली. 10 कोटी गाण्यांत आक्कांच्या आईची ओवी आम्हाला काही सापडली नाही. सापडणार कशी? ती कुणी कधी छापली नाही आणि तिची तबकडीही निघाली नाही. ती फक्त आक्कांच्या ओठांवर आहे.

अशा वेळी मला खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींची आठवण होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग ह्यांनी त्यांतली काही उतरून ठेवली. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि 1952 साली आचार्य अत्रे ह्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघाले, म्हणून आज ती गाणी पोरीबाळींना शाळेत वाचायला मिळतात. उतरून घेणारे कुणी नसते, तर ती बहिणाबाईंबरोबरच गेली असती.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वॅ ह्या दोघांनीही असेच मोठे काम करून ठेवले आहे. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कितीतरी ओव्या त्या बायकांच्याच आवाजात मुद्रित केल्या. ते दोघेही आता हयात नाहीत. परंतु 2017 सालापासून 'पारी' ह्या संस्थेने त्या ओव्या सर्वांना ऐकता येतील अशा इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली, आणि जी गाते तिचे नाव आणि गाव ओवीबरोबर दिलेले असते. दळता दळता गाणाऱ्या बाईचे नाव कुणी लिहून ठेवेल, असे तिला स्वप्नात तरी वाटले असेल का?

हे मोठ्यांचे काम झाले. आपल्याला आपल्या मंडळापुरते काय करता येईल? माझ्या अल्पबुद्धीला सुचले ते सांगते.

पहिले म्हणजे, सामाईक यादीत दुसरीने घातलेले गाणे तिला विचारल्याशिवाय कुणी काढू नये. आवडले नाही तर त्या वेळी उठून पाणी प्यावे. दुसरे, शंभर गाणी एकदम पाठवू नयेत. ते म्हणजे ताटात न वाढता पातेलेच पुढे सरकवण्यासारखे आहे. हादग्यासारखे एकेक वाढवावे, आणि हे गाणे मला का आवडते ते एका ओळीत सांगावे. तिसरे, घरातली सून किंवा लेक कोणती गाणी ऐकते म्हणून नाक मुरडू नये. तिच्याजवळ बसून एक गाणे पुरते ऐकावे. माझ्या मुलीची गाणी मला आधी नुसता गलका वाटत. आता त्यांतली दोन मला आवडतात, आणि तिलाही माझे एक भावगीत पाठ झाले आहे. चौथे, दर महिन्याच्या सभेत एका सभासद भगिनीचे एक गाणे लावावे. तेवढी पाच मिनिटे कुणी बोलू नये, आणि मग तिने त्याची हकिगत सांगावी.

आणि पाचवे. ज्या ओव्या, जी हादग्याची आणि पंचमीची गाणी आपल्या थोरल्या बायांच्या ओठांवर आहेत, ती आपण मोबाईलवर मुद्रित करून घेऊ. त्या यादीत ती आपल्याला घालता येत नाहीत, म्हणून मंडळाच्या व्हॉट्सॲपवर ठेवू. शिवाय एका जाड वहीत लिहून काढू, म्हणजे मोबाईल बदलला तरी जायची नाहीत. सुरुवात मी केली आहे. आक्कांच्या अकरा ओव्या लिहून झाल्या. वही इथे टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर आक्कांचे नाव आहे आणि त्याखाली त्यांच्या आईचे. पुढची पाने कोरी आहेत.

आक्का आज समोर बसल्या आहेत. मी त्यांची क्षमा त्यांच्या ओसरीवर मागितली होती. पण चूक मंडळात झाली होती, तेव्हा आज सगळ्यांच्या समोर पुन्हा मागते. चिटणीसबाईंना माझी विनंती आहे, की माझे भाषण संपल्यावर चहापूर्वी आक्कांचे ते गाणे स्पीकरवर लावावे. आक्कांच्या शेजारची एक खुर्ची मी सकाळीच रिकामी ठेवली आहे. ती तशीच राहू द्यावी.