कोडाचे परीक्षक व त्यांची नेमणूक

सन २०११ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरच्या दिवशीं ओपनएसएसएल नांवाच्या प्रोग्रॅममध्यें एक लहानशी भर घालण्यांत आली. बँकेचे किंवा पत्रव्यवहाराचे निरोप एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातांना ते गुप्त राखण्याचें काम हा प्रोग्रॅम करितो. ती भर एका जाणकारानें लिहिली, दुसऱ्या जाणकारानें तपासली, आणि १४ मार्च २०१२ रोजीं ती सर्वांच्या हातीं गेली. दोघांच्याहि नजरेंतून एक गोष्ट निसटली होती. समोरचा संगणक आपण अमुक इतकीं अक्षरें पाठविलीं असें सांगे. तितकीं खरोखर आलीं किंवा कसें, हें मोजून पाहिलें जात नसे. खोटा आंकडा सांगणाऱ्यास एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत परक्या संगणकाच्या स्मृतींतील मजकूर, क्वचित् परवलीचे शब्दहि, मिळूं शकत. ७ एप्रिल २०१४ रोजीं हा दोष ‘हार्टब्लीड’ या नांवानें जाहीर झाला. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ दार उघडें होतें.

श्रोतेहो, ज्या घरांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात त्या घरास परीक्षकाची चूक म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. कोडाचीहि परीक्षा होते. आयबीएममधील मायकेल फॅगन यांनीं १९७६ सालीं, बैठकींत बसून कोड पद्धतशीर तपासण्याची रीत लेखरूपानें मांडली. आज हें काम बहुधा बैठकीवांचूनच होतें. २००८ सालीं सुरू झालेल्या गिटहबसारख्या ठिकाणीं लेखक आपला बदल मूळ कोडांत परस्पर घालीत नाहीं. ‘हा बदल स्वीकारावा’ असा अर्ज करितो. त्या अर्जास पुल रिक्वेस्ट म्हणतात.

अर्ज आला, पण तो तपासावयाचा कोणीं? लेखकानेंच परीक्षक निवडावा, तर तो ओळखीचा व हाताचा सैल असा निवडील. (विद्यार्थ्यांस ही मुभा असती तर त्यांनीं तरी दुसरें काय केलें असतें?) सर्वांसच निरोप धाडावा, तर दुसरा कोणी पाहील म्हणून प्रत्येक जण स्वस्थ बसेल. यावर गिटहबनें २०१७ सालीं ‘कोडओनर्स’ नांवाची सोय काढली. ती एक साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक ओळींत प्रथम फाइलींचा नमुना व त्यापुढें त्या फाइलींच्या मालकांचीं नांवें. त्या फाइलींना कोणीं हात लावला कीं मालकांस परीक्षणाचें बोलावणें आपोआप जातें.

फाइल दिसावयास इतकी सोपी कीं तिच्यासाठीं टिपण लिहावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं. घात होतो तो येथेंच. समजा, एका ओळींत पैशाच्या व्यवहाराचें दालन हिशेबगटाकडे सोंपविलें आहे. पुढें कोणी उत्साही मनुष्य तळाशीं आणखी एक ओळ जोडतो: तारकाचिन्ह, म्हणजे यच्चयावत् सर्व फाइली, आणि त्यापुढें सामान्य गटाचें नांव. कायद्यांत विशेष नियम सामान्य नियमास मागें सारतो. म्हणून वाचणाऱ्यास वाटतें कीं हिशेबगटाचा अधिकार अबाधित आहे. येथें तसें नाहीं. जुळणाऱ्या ओळींपैकीं अगदीं शेवटची ओळ तेवढी खरी. हिशेबगट त्या क्षणापासून बाजूला पडतो, आणि मुकाट्यानें पडतो.

दुसरा गैरसमज याहून महाग. फाइलींत नांव घातलें म्हणजे त्या परीक्षकाच्या संमतीवांचून बदल आंत जाणार नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः फाइल केवळ बोलावणें धाडते. संमति सक्तीची करावयाची तर शाखेच्या संरक्षणाचा नियम वेगळा चालू करावा लागतो. आणि तो चालू केल्यावरहि एका ओळींत चार नांवें असलीं तर कोणाहि एकाची संमति पुरते. ज्यास त्या कोडांत लिहिण्याचाच अधिकार नाहीं, त्याचें नांव घालून तर कांहींच साधत नाहीं. कच्चा म्हणून ठेवलेल्या अर्जावर बोलावणें जात नाहीं, हेंहि टिपणांत असावें. नाहींतर परीक्षक आळशी म्हणून उगीच बोल खातो.

हार्टब्लीडच्या वेळीं ही सोय असती तर तो दोष खात्रीनें सांपडला असता, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. परीक्षक तेव्हांहि होताच. पण जगभर वापरला जाणारा तो प्रोग्रॅम मूठभर माणसें सांभाळीत होतीं. आणि एकाच माणसापुढें गठ्ठ्यावर गठ्ठा आला म्हणजे शेवटच्या कागदाकडे तो पहिल्याइतक्या बारकाईनें पाहील ही आशा व्यर्थ होय. म्हणून मालक या नात्यानें व्यक्तीऐवजीं गटाचें नांव घालणें बरें. मग गटांतील परीक्षक पाळीपाळीनें निवडावा, किंवा कोणाकडे किती कामें पडलीं आहेत तें पाहून निवडावा, हें ठरवितां येतें. आपण कामांत आहों असें ज्यानें नोंदविलें, त्याला वगळलें जातें.

चांगलें टिपण नियमांच्या जंत्रीवर थांबत नाहीं. तें तीन-चार खऱ्या फाइलींचीं नांवें घेऊन प्रत्येकीचें बोलावणें कोणास जाईल हें लिहून दाखवितें. ओळ कां घातली त्याचें कारणहि, हॅश चिन्हानें सुरू होणाऱ्या टीपेंत, त्याच फाइलींत लिहितां येतें. ओळ लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर त्या टीपेची किंमत कळते.

राहिली ती खुद्द कोडओनर्स फाइल. आपल्याच अर्जांत ती बदलून सोयीचा परीक्षक मिळवितां येत नाहीं. कारण ज्या शाखेंत बदल जावयाचा, त्या शाखेंतील जुनीच फाइल त्या अर्जापुरती प्रमाण धरली जाते. परंतु तो अर्ज एकदां मंजूर झाला कीं पुढच्या अर्जापासून नवे मालक चालू होतात. यासाठीं या फाइलीलाहि एक मालक नेमावा, आणि त्याची ओळ सर्वांत तळाशीं लिहावी.