पुंगळीची साक्ष



आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. जे थोडे शास्त्र येते, ते कामगारांच्या चौकश्या लढविताना शिकावे लागले. काडतुसातील वाजवीपेक्षा जास्त दाब हा आजचा विषयही असाच पदरी पडला.

शेजारी भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथे मोठा दारूगोळा होतो. रायफलीची काडतुसे होतात ती खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्यात आणि वरणगावास. आगगाडीच्या वाफेच्या मोठ्या इंजिनाचा बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५ किलो दाब सोशीत असे. ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसात तोच दाब क्षणभर चार हजार किलोंच्या घरात जातो! तो ठरल्यापेक्षा चढला, तर रायफल झाडणाऱ्याच्या तोंडावरच फुटावयाची.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात चाचणीची थोडी काडतुसे हाताने भरीत. एके दिवशी बार झाला आणि बोल्ट उघडेना. लागलीच भरणाऱ्यावर आरोप आला : दारू जास्त घातली. आम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलो.

पहिला प्रश्न आम्ही विचारला तो रिकाम्या पुंगळीला. टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरली आहे काय? तिला भोक पडले आहे काय? बुडावर चकचकीत ओरखडा आहे काय? टोपीचे घर सैल झाले आहे काय? नुसत्या चपट्या टोपीवर भरवसा ठेवू नये. मऊ धातूची टोपी साध्या दाबानेही चपटी होते. पण बोल्ट जड लागला की तेथेच थांबावे आणि उरलेली काडतुसे वेगळी काढावी. ‘आणखी एक झाडून पाहू’ म्हणणारा मरणाला आवतण देतो.

मग कारणे एकेक करून पाहावी. दारूचे वजन बरोबर आहे काय? जात तीच आहे, की लवकर जळणारी आली? गोळी खोल बसून आतली जागा कमी झाली काय? पुंगळी जाड आहे काय? नळीत अडथळा आहे काय? पेटी उन्हात होती काय? आपल्याकडे पारा ४७ अंशांवर जातो. तापलेली दारू अधिक वेगाने जळते.

त्या चौकशीत शिल्लक काडतुसे जाणत्याकडून उघडवून दारू तोलली. वजन बरोबर भरले. पुंगळ्या मात्र पुनःपुन्हा वापरलेल्या निघाल्या. वापरागणिक पितळ लांबत जाते. वाढलेले तोंड कापले नाही, तर ते रायफलीच्या कोठ्यात चेपते, गोळीला आवळून धरते आणि दाब चढतो. लांबी मोजण्याचे माप त्या कामगाराला दिलेलेच नव्हते. आरोप मागे घ्यावा लागला.

हा उद्योग कोणी घरी करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनविणे गुन्हा आहे.

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या दारूगोळा कारखान्यातील स्फोटात ८ माणसे गेली. त्या स्फोटाच्या कारणांचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. आमचे म्हणणे एवढेच : धोक्याची खूण प्रथम दिसते ती काम करणाऱ्याला. ती पाहून त्याने काम थांबविले, तर त्याची रोजी जाता कामा नये. आणि अपघात झालाच, तर माणसाला दोषी ठरविण्याआधी पुंगळीची साक्ष घ्यावी.