मीठ, रक्तदाब आणि दोन वाणांचे उंदीर
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो; डॉक्टरकीचा आव आणणार नाही. परंतु मागच्या पालकसभेत मिठाचा विषय निघाला तेव्हा एक चाचा म्हणाले, "सर, आमचे आजोबा रोज खारी मासळी खाऊन नव्वदीपर्यंत जगले. मिठाने काय होते?" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. पुढे वाचनात ते सापडले, आणि तेही उंदरांकडे!

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ब्रुकहेवन ही मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे डॉ. लुईस डाल यांनी पांढऱ्या उंदरांना भरपूर मिठाचे खाद्य दिले. काहींचा रक्तदाब खूप चढला, काहींचा मुळीच नाही. मग त्यांनी चढलेल्यांची जोडी चढलेल्यांशी आणि न चढलेल्यांची न चढलेल्यांशी लावली. तीनच पिढ्यांत दोन वाण वेगळे झाले. हे त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. शंभर भागांत आठ भाग मीठ असलेले खाद्य एका वाणाला सहज पचते. दुसऱ्याचा रक्तदाब भडकतो, मूत्रपिंडे खराब होतात आणि उंदीर लवकर मरतात.

पुढे ओहायो राज्यातील टोलेडो येथे डॉ. जॉन रॅप यांनी भावंडांच्याच जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावून हे वाण शुद्ध केले. १९८५ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. अशा वाणाचे सर्व उंदीर जवळजवळ जुळ्या भावांसारखे असतात. म्हणून एकाच वाणातल्या निम्म्यांना जास्त आणि निम्म्यांना कमी मीठ दिले, तर दिसणारा फरक मिठाचाच, असे खात्रीने म्हणता येते.

मला सर्वांत नवल वाटले ते डाल यांच्या १९७४ सालच्या प्रयोगाचे. त्यांनी मूत्रपिंडांची अदलाबदल केली. संवेदनशील उंदराला दुसऱ्या वाणाचे मूत्रपिंड बसवले तर रक्तदाब उतरला. उलट केले तर चढला. म्हणजे दोष मुख्यतः मूत्रपिंडात. ते जादा मीठ सहज बाहेर टाकू शकत नाही, रक्ताचा दाब वाढल्यावरच टाकते.

आता चाचांचे उत्तर. आजोबा कदाचित दुसऱ्या वाणाचे असतील. पण माणसांत इतके शुद्ध वाण नसतात. आजोबांचा गुण नातवाला मिळालाच असेल, हे कोणी सांगावे? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. त्यात लोणचे, पापड, सुकी मासळी सगळे आले. संवेदनशील उंदरांनाही कमी मिठावर ठेवले तर ती भयंकर वाढ टळते.

हे दोन्ही वाण दिसायला मात्र अगदी सारखे पांढरे. दाब मोजल्याशिवाय कळत नाही. कार्यक्रमानंतर सातवीच्या वर्गात डॉक्टर साहेब यंत्र घेऊन बसणार आहेत. चाचांनी आधी यावे. त्यांच्या मागे मी उभा राहीन.